सोन्यावर अँटीबॉडी बसवताना: डेंग्यू एनएस-वन सेन्सरच्या नोंदी

१२ जून

आकडे लॅबच्या वहीत राहतीलच, पण का केलं ते वहीत कोणी लिहीत नाही आणि नंतर ज्युनिअर विचारायला आले की कोणाला आठवत नाही, म्हणून या नोंदी वेगळ्या ठेवतेय.

विषय ठरला. डेंग्यूचा एनएस-वन प्रोटीन, सोन्याचे स्क्रीन प्रिंटेड इलेक्ट्रोड, त्यावर माऊस मोनोक्लोनल अँटीबॉडी, मोजायचं इम्पीडन्सने (विजेच्या वाटेत येणाऱ्या अडथळ्याने). एनएस-वन का, तर ताप आल्यापासून पहिल्या चार-पाच दिवसांत तोच रक्तात सापडतो, आयजीएम अँटीबॉडी तोवर नीट तयार झालेल्या नसतात. आपल्याकडे सरकारी पद्धतही तशीच आहे, पाच दिवसांच्या आत एनएस-वन एलायझा आणि नंतर आयजीएमची मॅक एलायझा, जिचे किट आपल्या पुण्याच्या एनआयव्हीतूनच (राष्ट्रीय विषाणू संस्था) देशभर जातात. रक्तातलं प्रमाण पेशंटप्रमाणे खूप बदलतं, एका मिलिलिटरला काही नॅनोग्रॅमपासून कधी कधी दहा-वीस मायक्रोग्रॅमच्याही वर. आणि रेणू मोठा आहे, सहा तुकडे एकत्र येऊन ३०० किलोडाल्टनच्या आसपास, त्यामुळे इम्पीडन्सला बरा.

इम्पीडन्सचं थोडक्यात सांगायचं तर द्रावणात ५ मिलिमोलर फेरी-फेरोसायनाइड असतं, ते सोन्याशी इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण करतं, सोन्यावर काही बसलं की त्याला अडचण होते आणि ग्राफवरचं अर्धवर्तुळ फुगतं. त्या अर्धवर्तुळाचा व्यास म्हणजे आरसीटी. लेबल नको, एन्झाइम नको, रंग नको. कागदावर फारच छान दिसतं हे सगळं.

१६ जून

आज फक्त सोनं धुतलं. हसू नका, निम्मं काम इथेच आहे. काचेवरच्या सोन्याच्या चिप्स असत्या तर पिरान्हा वापरता आला असता (तीन भाग सल्फ्युरिक, एक भाग हायड्रोजन पेरॉक्साइड, फ्यूम हूडच्या बाहेर नाही, अॅसिटोनच्या जवळ तर अजिबात नाही), पण स्क्रीन प्रिंटेडमध्ये शाई असते, बाइंडर असतो, खाली प्लास्टिक किंवा सिरॅमिक असतं आणि शेजारी चांदीचा रेफरन्स, पिरान्हात सगळंच जाईल. म्हणून आयसोप्रोपेनॉलने धुवून, थोडा वेळ यूव्ही-ओझोन आणि मग पातळ सल्फ्युरिकमध्ये सायक्लिक व्होल्टॅमेट्री (व्होल्टेज वर-खाली फिरवत करंट मोजणं), लागोपाठच्या फेऱ्या एकमेकांवर बसेपर्यंत.

सोन्याच्या ऑक्साइडचा रिडक्शन पीक टोकदार आला की धुणं झालं म्हणायचं. त्या पीकखालचा चार्ज काढून ठेवा, ३९० मायक्रोकूलॉम म्हणजे एक चौरस सेंटिमीटर खरं क्षेत्रफळ असं धरतात. छापील सोनं खडबडीत असतं त्यामुळे खरं क्षेत्रफळ दिसणाऱ्यापेक्षा बरंच जास्त येतं, आणि एकाच पॅकेटातल्या दोन इलेक्ट्रोडमध्येही फरक निघतो. जे फार वेगळे आले ते बाजूला काढले, ट्रेनिंगला कामी येतील.

२० जून

सॅम, म्हणजे सेल्फ असेम्बल्ड मोनोलेयर. थायॉलचं गंधक सोन्याला घट्ट धरतं आणि कार्बनच्या साखळ्या शेजारी शेजारी उभ्या राहतात. ११-मरकॅप्टोअनडेकॅनॉइक अॅसिड, आम्ही एमयूए म्हणतो, त्याच्या वरच्या टोकाला कार्बोक्झिल, तिथेच पुढे अँटीबॉडी जोडायची. सोबत मरकॅप्टोहेक्झॅनॉल मिसळलं, एकास नऊ, इथेनॉलमध्ये एकूण १ मिलिमोलर, रात्रभर झाकून. नुसतं एमयूए लावलं तर कार्बोक्झिल इतके दाट होतात की अँटीबॉडी एका वेळी चार ठिकाणी चिकटते आणि तिचा आकारच बिघडतो, शिवाय शेजारच्या कार्बोक्झिलांची आपसात हायड्रोजन बाँडने जोडी जमून वर दुसरा थर बसतो. म्हणून इथेनॉलमध्ये थोडं अॅसिटिक अॅसिड टाकायचं आणि सकाळी भरपूर धुवायचं.

वास मात्र भयंकर. शेजारच्या लॅबमधून गॅस लिक झालाय का विचारायला एक काका येऊन गेले.

२७ जून

पाऊस लागलाय आणि आज ईडीसीचं काम, म्हणजे कार्बोक्झिलला अँटीबॉडी जोडून देणारं रसायन. ईडीसी पाणी ओढतं, बाटली उणे वीसमधून काढून थेट उघडली की आत दव जमतं आणि पुढच्या वेळी पांढऱ्या पावडरीचा गोळा मिळतो. म्हणून दादाने (आमचा सिनियर) एकदाच कोरड्या दिवशी वजन करून छोट्या ट्यूबांत भरून ठेवलंय, एक ट्यूब काढायची, डेसिकेटरमध्ये खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, वापरायची, उरलं तर टाकून द्यायचं. महाग वाटतं, पण मेलेल्या ईडीसीवर घालवलेला आठवडा जास्त महाग.

रसायन असं की ईडीसी कार्बोक्झिलला चेतवतं, पण जे तयार होतं ते पाण्यात फार टिकत नाही, म्हणून एनएचएस घालायचं म्हणजे जरा टिकाऊ एस्टर मिळतो. हे एमईएस बफरमध्ये, पीएच ५.५ च्या आसपास, पंधरा मिनिटं. मग झटपट धुवून अँटीबॉडी, पीबीएसमध्ये, पीएच ७.४. मध्ये चहाला जायचं नाही, एस्टर पाण्याने तुटत असतो आणि पीएच चढला की अजून लवकर तुटतो, साडेआठच्या पुढे तर मिनिटांचा खेळ. आणि ट्रिस बफर कुठेही नको, ग्लायसिन नको, एस्टर अँटीबॉडीतल्या अमीन गटांना जुळतो आणि त्यांच्यातही अमीन असतात, ते अँटीबॉडीच्या आधी जागा पकडून बसतात.

आजची गंमत म्हणजे ईडीसी-एनएचएसनंतर आरसीटी वाढायच्या ऐवजी घसरला. ज्युनिअर घाबरली, ताई थर निघून गेला का म्हणाली. थर जागेवरच होता. कार्बोक्झिलवर निगेटिव्ह चार्ज असतो आणि फेरीसायनाइडही निगेटिव्ह, म्हणून सॅमनंतर आरसीटी चढतो, एस्टर झाला की तो चार्ज गेला आणि फेरीसायनाइडला वाट मोकळी झाली. अँटीबॉडी बसल्यावर परत चढला. हे डोक्यात पक्कं ठेवायला पाहिजे की आरसीटी वस्तुमान मोजत नाही, तो चार्ज, भोकं, थराची जाडी असं सगळं मिळून एक आकडा देतो. पायरीपायरीने चढणारी अर्धवर्तुळं एकाखाली एक दाखवून अँटीबॉडी बसली असं जाहीर करणारे ग्राफ आपण सगळ्यांनी पाहिलेत. काहीतरी बसलं एवढंच त्यातून कळतं.

४ जुलै

आज कंट्रोल लावले. एका इलेक्ट्रोडवर आपली एनएस-वनची अँटीबॉडी, दुसऱ्यावर त्याच जातीची पण भलत्याच गोष्टीची माऊस आयजीजी (अँटीबॉडीचा नेहमीचा प्रकार), तिसऱ्यावर नुसतं बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन). तिन्हींवर रिकॉम्बिनंट, म्हणजे लॅबमध्ये बनवलेला, एनएस-वन. तिन्हींचा आरसीटी थोडाफार सारखाच वाढला, म्हणजे जो सिग्नल बघून मागच्या आठवड्यात आम्ही खूश होतो तो पकडण्याचा नव्हताच.

मग रंगाची टेस्ट. माऊस अँटीबॉडीला धरणारी, एचआरपी हे एन्झाइम लावलेली अँटीबॉडी इलेक्ट्रोडवर टाकली, त्या एन्झाइमने निळं होणारं टीएमबी टाकलं, निळा रंग अगदी फिका. म्हणजे सोन्यावर माऊस आयजीजी फार नाहीच, मग आरसीटी वाढवतंय कोण?

उत्तर बाटलीच्या कागदात, सगळ्यात खालच्या बारीक अक्षरांत सापडलं. अँटीबॉडी टिकावी म्हणून पुरवठादाराने त्यात बीएसए आणि सोडियम अझाइड घातलंय. कोटेशनमध्ये याचा उल्लेख नव्हता, फोन केल्यावर सगळे ग्राहक असंच घेतात असं उत्तर मिळालं. वेस्टर्न ब्लॉट करणारे घेत असतील, त्यांना फरक पडत नाही. आपल्याला पडतो, कारण बाटलीत अँटीबॉडीपेक्षा बीएसए कितीतरी जास्त आणि बीएसएवर लायसिनही (अमीनवालं अमिनो अॅसिड) भरपूर, ईडीसी-एनएचएसला दोघं सारखेच. आपण मोठ्या प्रेमाने सोन्यावर बीएसए जोडत होतो.

डीसॉल्टिंग कॉलमने (लहान रेणू वेगळे काढणारी नळी) अझाइड आणि ट्रिस जातात, बीएसए जात नाही, ६६ किलोडाल्टनचा तो आयजीजीसोबतच बाहेर येतो. प्रोटीन जी कॉलमवरून शुद्ध करता येईल पण आपल्याकडे आहे त्या थोडक्या मालात निम्मं हरवायचं. मॅडम म्हणाल्या सरळ बीएसए नसलेली मागव.

९ जुलै

ऑर्डर गेली. येईपर्यंत फेरीसायनाइडचं बघून घेतलं. कोरा इलेक्ट्रोड त्यात ठेवून दर थोड्या वेळाने मापलं तर काहीही न टाकता आरसीटी सरकतो. हे ऐकून होते, फेरीसायनाइडमधून सुटणारं सायनाइड सोनं हळूहळू खातं, उजेडात तर जास्तच. म्हणून आता द्रावण रोज ताजं, बाटलीला फॉइल, आणि मापायच्या आधी स्थिरावायला प्रत्येक इलेक्ट्रोडला नेमका सारखाच वेळ.

२५ जुलै

नवी अँटीबॉडी आली, पीबीएसमध्ये, आणखी काही नाही. जोडून झाल्यावर उरलेले एस्टर बंद करायला १ मोलर इथेनॉलअमीन, पीएच ८.५, मग १ टक्का बीएसए. निळा रंग गडद आला. एनएस-वन टाकल्यावर आपल्या अँटीबॉडीचा आरसीटी वाढला आणि भलत्या आयजीजीचा जवळपास जागेवर राहिला. पहिल्यांदा दोन रेघा वेगळ्या दिसल्या, सगळ्यांना वडापाव.

मग दादा म्हणाला अँटीबॉडी जास्त घालून बघ. ५, २०, ५० आणि २०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर असं लावलं. पन्नासपर्यंत एनएस-वनचा सिग्नल वाढला, दोनशेला उलट कमी झाला, जरी निळा रंग सगळ्यात गडद तिथेच होता. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रोडवर हात वर करायला जागा नसते तशी गत आहे, माणसं भरपूर पण कोणाला काही पकडता येत नाही, आणि वर हा अँटीजेन स्वतःच ३०० किलोडाल्टनचा. आपण पन्नासच्याही थोडं खालीच राहू.

२ ऑगस्ट

दिशेचा प्रश्न. आयजीजी म्हणजे इंग्रजी वायच्या आकाराचा १५० किलोडाल्टनचा रेणू, वर दोन फॅब हात, त्यांच्या टोकाला पकडायची जागा, खाली एफसी शेपूट. लायसिन मात्र अंगभर पसरलेले. म्हणून ईडीसी-एनएचएसने जोडलं की काही उभ्या, काही आडव्या, काही डोक्यावर, आणि ज्यांची पकडायची जागाच सोन्याकडे वळली त्या असून नसल्यासारख्या.

यावर उपाय बरेच. एफसीवर साखर असते, ती पेरियोडेटने उघडून हायड्राझाइडला जोडता येते. किंवा हिंजचे डायसल्फाइड टीसेपने हलके तोडून अर्धी अँटीबॉडी तिच्याच गंधकाने थेट सोन्यावर, हे मला मनापासून आवडतं पण टीसेप जरा जास्त झालं की साखळ्याच वेगळ्या होतात. किंवा बायोटिन-स्ट्रेप्टाव्हिडिन, ही एकमेकांना घट्ट धरणारी जोडी. किंवा प्रोटीन ए नाहीतर प्रोटीन जी, जे एफसीलाच धरतात. आपली अँटीबॉडी माऊस आयजीजी-वन, तिला प्रोटीन ए नीट धरत नाही, म्हणून जी. तेही रिकॉम्बिनंटच, कारण मूळ जिवाणूतल्या प्रोटीन जीला अल्ब्युमिन धरणारा भागही असतो, रिकॉम्बिनंटमध्ये तो काढून टाकलेला असतो. ते न बघता घेतलं असतं तर सीरममधलं अल्ब्युमिन आनंदाने येऊन बसलं असतं.

तर आता क्रम असा: सॅम, ईडीसी-एनएचएस, प्रोटीन जी, इथेनॉलअमीन, अँटीबॉडी, बीएसए.

८ ऑगस्ट

बफरमध्ये प्रोटीन जीवाला थर जिंकला, तेवढ्याच अँटीबॉडीत सिग्नल ठळकपणे जास्त आणि तीन इलेक्ट्रोडमधला फरकही कमी. मॅडम खूश, म्हणाल्या आता सीरममध्ये.

१३ ऑगस्ट

सीरममध्ये सगळं पडलं.

विकतचं पूल केलेलं मानवी सीरम (पेशंटचे नमुने नाहीत, त्याला एथिक्स कमिटीची मंजुरी लागते, तो पुढचा टप्पा), पीबीएस-ट्वीनमध्ये दहापट पातळ केलेलं, एनएस-वन अजिबात न घातलेलं. तरी आरसीटी एवढा चढला की वरून एनएस-वन घातलेला आणि न घातलेला यांत फरकच दिसेना. जुना, आडवातिडवा ईडीसी-एनएचएसवाला थर त्यामानाने शांत होता.

कारण नीट बघितलं तर सरळ आहे, पण बफरमध्ये राहिल्यावर ते डोळ्यासमोर येत नाही. प्रोटीन जी मानवी आयजीजीलाही धरतं, चांगलंच घट्ट धरतं. सीरममध्ये आयजीजी मिलिलिटरला दहा मिलिग्रॅमच्या आसपास आणि आपण शोधतोय दहा नॅनोग्रॅम, दहा लाख पटीचा फरक, दहापट पातळ करून तो काय बुजतोय. मोकळ्या जागा मानवी आयजीजी भरते, शिवाय आपली माऊस अँटीबॉडी तिथून सुटते आणि तिच्या जागी पण तीच येऊन बसते. जी पद्धत सगळ्यात हुशार वाटली तिला खऱ्या नमुन्याने सगळ्यात वाईट मार्क दिले. दिशेवर लिहिलेलं बरंचसं काम बफरमधल्या अँटीजेनवर थांबतं हे आता खटकायला लागलंय.

२० ऑगस्ट

सोडून देण्याआधी दोन गोष्टी केल्या. अँटीबॉडी प्रोटीन जीला धरून बसली की डायमिथाइल पायमेलिमिडेट, म्हणजे डीएमपी, घालून दोघांना कायमचं जोडायचं, ट्रायइथेनॉलअमीन बफर, पीएच आठच्या वर, अर्धा तास, मग इथेनॉलअमीनने बंद. आता अँटीबॉडी सुटत नाही. दुसरी गोष्ट दादाच्या डोक्यातली आणि मला फारच आवडली, ती म्हणजे ज्या जागा मोकळ्या राहिल्या त्या आपणच आधी शुद्ध मानवी आयजीजीने भरून टाकायच्या. मग सीरममधली आयजीजी आली तरी एकाच्या जागी दुसरी तशीच, थर जाड होत नाही.

डीएमपी हे अमीनवरच काम करतं त्यामुळे पकडायच्या जागेतले लायसिनही थोडे मरतात, बफरमधला सिग्नल जरा उतरला. पण सीरममधली पार्श्वभूमी बरीच खाली आली आणि सौदा परवडला.

तरी शंभर नॅनोग्रॅमच्या खाली गेलो की रिकामं सीरम आणि एनएस-वनवालं सीरम एकमेकांत मिसळतात. अल्ब्युमिन, फायब्रोनेक्टिन, कॉम्प्लिमेंट, कोण कुठे चिकटतंय ते आरसीटी सांगत नाही, त्याला सगळे सारखेच.

२९ ऑगस्ट

आज मॅडमशी लांबलचक बोलणं झालं आणि लेबल नसलेल्या मापनाचा हट्ट सोडला. माझं मत दोन आठवड्यांपासून तेच होतं. एनएस-वन पकडल्यावर वरून दुसरी, एचआरपी लावलेली अँटीबॉडी टाकायची, टीएमबी द्यायचं आणि तयार होणाऱ्या रंगद्रव्याचा रिडक्शन करंट मोजायचा, म्हणजे शून्य व्होल्टच्या जवळ अँपेरोमेट्री. एक पायरी वाढली, धुणं वाढलं. पण आता सिग्नल यायला दोन वेगळ्या अँटीबॉडींनी त्याच रेणूला हो म्हणावं लागतं, सीरममधला नुसता चिकटलेला कचरा करंट देत नाही. एनएस-वनचे सहा तुकडे सारखेच असल्यामुळे खाली-वर एकच अँटीबॉडी ठेवूनही जमतं, आपण तरी दुसरी क्लोन, म्हणजे वेगळी मोनोक्लोनल अँटीबॉडी, घेतली.

दुसऱ्या अँटीबॉडीच्या बफरमध्ये अझाइड नको. ते एचआरपीला मारतं आणि मग सगळेच नमुने निगेटिव्ह दिसतात. याही वेळी बाटलीवर होतंच, पण यावेळी कागद आधी वाचला होता आणि डीसॉल्टिंग कॉलमने काम झालं.

आणि हे सँडविच (खाली-वर अँटीबॉडी, मध्ये एनएस-वन) आल्यावर परत साध्या ईडीसी-एनएचएसच्या थरावरही लावून बघितलं. सीरममध्ये दोन्ही थर जवळपास बरोबरीत. प्रोटीन जी, डीएमपी, आयजीजी भरणं एवढा सगळा संसार करून जो फायदा उरला तो इलेक्ट्रोड-इलेक्ट्रोडमधल्या फरकापेक्षा मोठा नव्हता. तर पुढे साधा थर. दादाला वाईट वाटलं, त्याची आयजीजीची युक्ती खरंच सुंदर होती, थीसिसमध्ये आख्खं प्रकरण तिच्यावर देणार आहे.

६ सप्टेंबर

झिका. हे विचारणार कोणीतरी, म्हणून आधीच. महाराष्ट्रातली पहिली झिकाची केस जुलै २०२१ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्यात, बेलसरला सापडली होती आणि २०२४ मध्ये पुणे शहरातही केसेस निघाल्या, म्हणजे हा प्रश्न आपल्याच अंगणातला आहे. झिकाचा पण एनएस-वन असतो आणि त्याची अमिनो अॅसिडं डेंग्यूच्याशी निम्म्याच्या आसपास जुळतात. रिकॉम्बिनंट झिका एनएस-वन लावला. खालची अँटीबॉडी थोडी पकडते (एकटी वापरली तर दिसतं), वरची पकडत नाही, म्हणून सँडविचमध्ये करंट पार्श्वभूमीला चिकटून राहिला. खालीवर एकच क्लोन ठेवली असती तर ही चाळणी मिळाली नसती.

फार जास्त एनएस-वन असला की सिग्नल परत पडतो, हा हुक इफेक्ट, पण तो मुख्यतः नमुना आणि वरची अँटीबॉडी एकाच वेळी टाकली तर त्रास देतो. आपण मध्ये धुतो. तरी पेशंटमध्ये मायक्रोग्रॅमची पातळी असते म्हणून प्रत्येक नमुना दोन वेगवेगळ्या प्रमाणांत पातळ करून चालवायचा असं ठरवलं.

१५ सप्टेंबर

टिकवण्याचं. अँटीबॉडी लावलेले इलेक्ट्रोड फार दिवस ओले ठेवता येत नाहीत, नुसते वाळवले तर अँटीबॉडी मरते. वरून ट्रेहॅलोजचं पातळ द्रावण लावून वाळवले, ही साखर वाळताना पाण्याच्या जागी प्रोटीनला धरून राहते असं मानतात. सिलिका जेलसकट फॉइलच्या पाकिटात सील करून तीन गट केले: फ्रिजमध्ये, टेबलावर, आणि ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये. ठरलेल्या दिवशी प्रत्येकातला थोडा माल काढून एकाच एनएस-वनच्या द्रावणावर चालवायचा. ट्रेहॅलोज न लावलेलेही सोबत ठेवलेत, नाहीतर साखरेने काही केलं का ते कळणार नाही.

आतापर्यंत काम टाइप दोनच्या एनएस-वनवरच झालंय, डेंग्यूचे प्रकार चार आहेत आणि एखादी क्लोन चारींना सारखंच धरेल याची खात्री नसते. एक आणि तीनचे प्रोटीन फ्रीझरमध्ये आलेत, चारचा कस्टम्समध्ये अडकलाय. तो सुटला की चारी एकाच दिवशी, एकाच बॅचच्या इलेक्ट्रोडवर लावायचे. एथिक्सचा फॉर्म मॅडमच्या टेबलावर सहीला आहे.